घराण्याची मूळ स्त्री



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघायची आणि तीत मी रुखवताचे नाहीतर लोणच्याचे काहीतरी लिहायचे, असा रिवाजच पडून गेला आहे. यंदा चिटणीसबाई म्हणाल्या, "तीन महिने अमेरिकेत राहून आलात, तिथले काहीतरी लिहा." परंतु उंच इमारती नि मोठाली दुकाने यांचे आता कुणाला नवल उरले आहे? तेव्हा तिथे मी एका जुन्या गावाचा आणि एका बाईने केलेल्या वंशशोधाचा जो इतिहास ऐकला, तोच माझ्या साध्या भाषेत सांगते. मला इंग्रजी येत नाही. वन्सं मराठीत सांगत गेल्या, मी विचारीत गेले, आणि रात्री वहीत टिपून ठेवीत गेले. ती वही पुढे ठेवूनच हे लिहीत आहे.

आमच्या वन्संच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले म्हणून २०२४ च्या जूनमध्ये मी त्यांच्या मदतीला गेले. त्या राहतात पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या बेथलेहेम गावी. नाव ऐकून मला वाटले, हे येशू ख्रिस्ताच्या जन्माचे गाव. वन्सं हसल्या. म्हणाल्या, "वहिनी, ते बेथलेहेम निराळे. हे त्याच्या नावावरून ठेवलेले." हे गाव पुष्कळ वर्षे पोलादाच्या कारखान्यासाठी जगभर प्रसिद्ध होते. तिथे पोलाद गाळण्याचे काम १९९५ साली बंद पडले. पण कारखान्याच्याही फार आधीचे एक जुने गाव तिथे आहे, आणि शेजारच्या आजी त्या जुन्या गावाच्या वारसदार.

या आजींचे वय एकोणऐंशी. एकट्या राहतात. वन्संच्या आजारपणात रोज सकाळी काठी टेकीत यायच्या, वाटीभर सूप ठेवायच्या आणि तासभर बसायच्या. एके दिवशी मी चपात्या लाटीत असताना त्यांनी वन्संमार्फत मला विचारले, "तुझ्या आजीच्या आजीचे नाव काय?" मला काही सांगता आले नाही. मग त्यांनी विचारले, "आजीचे लग्नाआधीचे नाव?" तेही येईना. मी म्हटले, "आमच्या घरी भिंतीवर नऊ पिढ्यांची वंशावळ लावलेली आहे." आजींना फार आनंद झाला. त्या म्हणाल्या, "मग तीत पाहून सांग." तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आले की आमच्या चुलत सासऱ्यांनी मोठ्या कष्टाने काढलेल्या त्या वंशवृक्षावर एकाही बाईचे नाव नाही. मूळपुरुष खाली खोडापाशी, आणि वर फांद्याफांद्यांवर सगळे पुरुषच. लग्न होऊन आल्यापासून मी ती तसबीर दर दिवाळीला पुसते, पण हे मला कधी दिसले नव्हते.

आजींनी आपल्या घराण्याची मूळ स्त्री शोधून काढली होती. कशी, ते कळण्यासाठी आधी त्या गावाचा इतिहास थोडा सांगायला हवा.

युरोपात मोरेव्हिया नावाचा प्रांत आहे. आज तो चेक प्रजासत्ताकाच्या पूर्व भागात येतो. आपल्याला तो अगदीच अपरिचित नाही, कारण मुलांच्या शाळेच्या बुटांमुळे घरोघर पोचलेले बाटा हे नाव त्याच प्रांतातले. झ्लीन गावी १८९४ साली तो कारखाना निघाला. या मोरेव्हियात आणि शेजारच्या बोहेमियात यान हुस या धर्मोपदेशकाचे अनुयायी पुष्कळ होते. धर्म लोकांच्या भाषेत सांगावा, धर्मगुरूंनी पैशाचा लोभ सोडावा, असे हुस सांगत. त्याबद्दल १४१५ साली त्यांना जिवंत जाळण्यात आले. आपले ज्ञानदेव-एकनाथ आठवले की लोकभाषेसाठी माणसाला काय सोसावे लागते ते निराळे सांगायला नको. हुस यांच्या मागून १४५७ साली त्यांच्या मार्गाच्या काही लोकांनी आपला एक बंधुसंघ स्थापन केला. पुढे १६२० च्या लढाईत त्या बाजूचा पराभव झाला आणि या लोकांचा छळ सुरू झाला. कित्येकांनी देश सोडला, कित्येक घरातल्या घरात लपून प्रार्थना करीत राहिले. शिक्षणशास्त्रज्ञ म्हणून ज्यांचे नाव डी. एड., बी. एड. करणाऱ्या आपल्या मुलींना पाठ असते, ते कोमेनियस याच संघाचे बिशप. मुलींनाही मुलांसारखेच शिकवावे, असे त्यांनी सतराव्या शतकात लिहून ठेवले. त्यांनाही देशोधडीला लागावे लागले.

सुमारे शंभर वर्षे हे लोक असे लपूनछपून राहिले. मग १७२२ साली, म्हणजे आपल्याकडे शाहू महाराजांच्या अमदानीत बाजीराव पेशवे होऊन दोन वर्षे झाली होती त्या सुमाराला, ख्रिश्चन डेव्हिड नावाच्या एका सुताराने मोरेव्हियातली काही कुटुंबे गुपचूप हद्दीपलीकडे जर्मनीत सॅक्सनीमध्ये आणली. तिथे झिंझेंडॉर्फ नावाच्या बावीस वर्षांच्या सरदाराने आपल्या जहागिरीत त्यांना आसरा दिला. १७ जूनला त्या सुताराने वस्तीसाठी पहिले झाड तोडले. वस्तीचे नाव ठेवले हेर्नहूट, म्हणजे प्रभूची राखण. परंतु निरनिराळ्या ठिकाणांहून आलेली माणसे एकत्र नांदायची म्हणजे काय होते, ते आपण चाळीत राहिलेल्यांना ठाऊकच आहे. पाच वर्षांत भांडणे विकोपाला गेली. अखेर १३ ऑगस्ट १७२७ रोजी सर्वांनी एकत्र प्रार्थना केली, एकमेकांची क्षमा मागितली, आणि तेव्हापासून आपला संघ नव्याने उभा राहिला असे ते मानतात. तो दिवस ते आजही पाळतात. मी तिथे असताना तो आला. आजी मला देवळात घेऊन गेल्या. प्रार्थना झाल्यावर सर्वांना, मलासुद्धा, गोड पाव आणि पेय वाटले. लहानथोर एकाच पंक्तीला. प्रसादच म्हणा ना!

या मंडळींना दूर देशी जाऊन धर्म सांगण्याची मोठी ओढ. हेर्नहूट वसून दहाच वर्षे झाली होती तोच, १७३२ साली, त्यांचे दोघे जण वेस्ट इंडीजमध्ये गुलामांच्या वस्तीत जाऊन पोचले. आपल्या देशातही ते आले. १७६० च्या सुमाराला तमिळ किनाऱ्यावर तरंगंबाडीला त्यांनी वस्ती केली, पण ती चाळीसएक वर्षांनी उठली. हिमालयात मात्र ते टिकले. लाहौल खोऱ्यातल्या केलाँग गावी १८५६ साली त्यांचे ठाणे झाले आणि १८८५ साली लडाखमध्ये लेहला. केलाँगला १८५९ साली मारिया हायडे नावाची तरुणी आली, ती कधी न पाहिलेल्या माणसाशी लग्न करायला! आपल्या आज्यांनी तरी अंतरपाट दूर होईपर्यंत नवऱ्याचे तोंड कुठे पाहिले होते? या मारियाबाईंनी आणि त्यांच्या बरोबरच्या बायकांनी तिथल्या बायकांना लोकरीचे विणकाम शिकवले. मनालीच्या सहलीहून आपण रंगीत नक्षीचे लाहौली मोजे आणतो ना, त्या मोज्यांचे मूळ हे. आज त्यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. माझ्याही कपाटात एक जोड होता आणि मला हे ठाऊक नव्हते.

आता बेथलेहेमकडे येते. चिमाजीअप्पांनी वसई घेतली १७३९ साली; त्यानंतर दोनच वर्षांनी, १७४१ मध्ये, या लोकांनी अमेरिकेत पाचशे एकर रान विकत घेऊन लीहाय नदीच्या काठी वस्ती सुरू केली. पहिले घर ओंडक्यांचे. एका अंगाला माणसे, दुसऱ्या अंगाला गुरे. नाताळच्या आदल्या रात्री सारे तिथे जमले होते, झिंझेंडॉर्फही आलेले होते. शेजारी गोठा पाहून सर्वांना येशूजन्माची आठवण झाली आणि गावाचे नाव बेथलेहेम ठेवले गेले.

पुढची वीस वर्षे, १७६२ पर्यंत, हे सारे गाव एका चुलीवर चालले. कुणाला मजुरी नाही, कुणाची स्वतःची शेती नाही. सर्वांनी गावासाठी काम करायचे आणि गावाने सर्वांना अन्नवस्त्र द्यायचे, मुलांना शिकवायचे. कुटुंबेसुद्धा आपल्यासारखी एकत्र राहत नसत. वयाप्रमाणे आणि लग्न झाले की नाही त्याप्रमाणे गट केलेले: लहान मुलगे, लहान मुली, अविवाहित पुरुष, अविवाहित स्त्रिया, विवाहित, विधुर, विधवा. मोठ्या गटांना स्वतंत्र दगडी घरे. अविवाहित स्त्रियांचे घर १७४४ सालचे, विधवांचे १७६८ सालचे. दोन्ही आजही उभी आहेत. बायकांच्या पांढऱ्या टोपीच्या फितीवरून कोण कुठल्या गटातली ते कळे. अविवाहितेची फीत गुलाबी, विवाहितेची निळी, विधवेची पांढरी. फितीचा रंग बदलला तरी बाईचे काम आणि मान बदलत नसे. स्त्रियांच्या गटावर स्त्रीचाच अधिकार चाले. त्या सूत कातीत, कापड विणीत, भरतकाम करीत, आजारी माणसांची सेवा करीत. टेकडीच्या पायथ्याच्या झऱ्याचे पाणी पाणचक्कीच्या जोरावर वर गावात चढवायची सोय या लोकांनी केली होती. तिची १७६२ सालची इमारत मी पाहिली. ती पाहून माझ्या मनात आले की माझ्या आईच्या डोक्यावरच्या दोन हंड्यांचा भार अशाने किती हलका झाला असता!

मुलींची शाळाही त्यांनी लवकर काढली. झिंझेंडॉर्फांची मुलगी बेनिग्ना सोळा वर्षांची असताना, १७४२ साली, तिने जर्मनटाउन येथे मुलींची शाळा सुरू केली. ती पुढे बेथलेहेमला आली. आपल्याकडे सावित्रीबाईंनी भिडेवाड्यात शाळा काढली १८४८ साली. सावित्रीबाईंना शेणगोळे झेलावे लागले, बेनिग्नाला सरदार बापाचे पाठबळ होते, हा फरक विसरता येत नाही.

लग्ने कशी जमत तेही ऐका. वडीलधारी मंडळी स्थळ सुचवीत आणि मग चिठ्ठी टाकून देवाची इच्छा पाहत. आपल्याकडे कोकणात देवाला कौल लावतात, तसेच. चिठ्ठी अनुकूल आली तरच मुलीला विचारायचे, आणि मुलीला नाही म्हणायची मुभा असे. १७४९ च्या जुलैमध्ये एकाच दिवशी अठ्ठावीस जोडप्यांची लग्ने झाली. लग्नासाठी चिठ्ठी टाकायची सक्ती पुढे १८१८ साली उठली.

पण या लोकांची मला सर्वांत मोठी वाटलेली गोष्ट निराळीच आहे. संघातल्या प्रत्येकाने आपल्या आयुष्याची हकीकत लिहायची, अशी चाल होती. जन्म कुठे झाला, आईबाप कोण, देवाची ओढ कशी लागली, काय काम केले, काय दुःख सोसले. लिहिता येत नसेल त्याने सांगायचे, दुसऱ्याने उतरून घ्यायचे. माणूस मेले की शेवटच्या आजाराचे चार शब्द कुणीतरी पुढे जोडायचे आणि ती हकीकत अंत्यविधीच्या वेळी सर्वांसमक्ष वाचायची. सरदार असो की चांभार, पुरुष असो की बाई. बेथलेहेमच्या आणि हेर्नहूटच्या दप्तरखान्यांत अशा हजारो हकीकती जपून ठेवलेल्या आहेत. आपल्याकडे त्या काळात बाईने लिहिले ते फार तर देवाचे अभंग. रांधता-वाढताना मनात काय आले ते जात्यावरच्या ओव्यांत राहिले, आणि ओवीखाली नाव कुणाचे?

आता आजींचा शोध. त्यांच्या घरात पूर्वापार एक समजूत चालत आली होती की आपले मूळ कुणीतरी झिंझेंडॉर्फांच्या खानदानी परिवारातले. आजींचे यजमान वारल्यावर वेळ जाईना म्हणून त्यांनी हे शोधायला घेतले. प्रथम घरातले जुने बायबल काढले. त्या पुस्तकाच्या कोऱ्या पानांवर जन्म-मृत्यू लिहून ठेवायची तिकडे पद्धत आहे. त्यावरून चार पिढ्या मागे जाता आले. मग सरकारी खानेसुमारी. ती १८५० सालापर्यंत मागे नेली की वाट बंद होते, कारण घरातल्या प्रत्येकाचे नाव लिहायला सुरुवात झाली ती त्या वर्षी. त्याआधी फक्त घरच्या कर्त्या माणसाचे नाव आणि बाकीच्यांचे नुसते आकडे. बाई असायची ती आकड्यात. आजी म्हणाल्या, "माझ्या घराण्यातल्या बायका तिथे पोचल्या आणि नाहीशा झाल्या."

त्या सापडल्या देवळाच्या नोंदवहीत. तिथे लग्नाच्या नोंदीत बाईचे माहेरचे आडनाव लिहिलेले असे. एकेका बाईच्या माहेराला धरून आजी मागे मागे सरकत गेल्या. पण नोंदी जर्मन भाषेत, आणि अक्षरही जुन्या वळणाचे. आजींना छापील जर्मन थोडे वाचता येई, पण हे अक्षर लागेना. त्या लिपीत ए हे अक्षर थेट एनसारखे दिसते म्हणे! आमच्याकडे सासऱ्यांच्या पेटीत मोडी कागदांचे एक पुडके आहे. ते उलगडायचे, बघायचे आणि पुन्हा बांधून ठेवायचे, एवढेच आम्ही करतो. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ नाही, हात न उचलता लिहिलेले, शब्द कुठे तुटतो ते समजत नाही. आजींची तीच गत. पण त्यांनी पुडके बांधून ठेवले नाही. बेथलेहेमच्या दप्तरखान्यात उन्हाळ्यात ते अक्षर शिकवण्याचा वर्ग चालतो, त्यात वयाच्या शहात्तराव्या वर्षी त्या जाऊन बसल्या. घरी येऊन पाटीवर गिरवल्यासारखे रोज एक पान गिरवीत.

आणि मग त्यांना ती बाई सापडली. आजींच्या आजीच्या आजीच्याही मागची. ती खानदानी नव्हती. एका विणकराची मुलगी, विशीत जहाजातून आलेली. बेथलेहेममध्ये ती धुण्याच्या कामावर होती. तिची हकीकत अवघी पावणेतीन पानांची. ती वाचायला आजींना दोन महिने लागले.

आजींच्या धाकट्या भावाला हे मुळीच रुचले नाही. "इतकी वर्षे खटपट करून धोबीण शोधलीस?" असे तो म्हणाला आणि कितीतरी दिवस बोलला नाही. खरे सांगते, ते ऐकून मला हसू आले आणि मग वाईट वाटले. आपल्याकडे काय निराळे आहे? वंशावळ काढताना जो तो आपला मूळपुरुष कुणा सरदाराच्या पदरी नेऊन बसवतो. घरोघर पाणी भरणारी पणजी कुणाला नको असते.

त्या पावणेतीन पानांत काय होते ते आजींनी मला सांगितले, तेव्हा त्यांचा आवाज बदलला. गावाची चूल एक होती त्या काळात मूल दीड वर्षाचे झाले की ते शिशुगृहात द्यायचे आणि आईने कामावर परतायचे, असा नियम होता. या बाईने लिहिले होते की पहिले मूल तिकडे दिल्यावर मला फार दिवस झोप लागली नाही, आणि याबद्दल देवाने मला क्षमा करावी. आजी म्हणाल्या, "पावणेतीनशे वर्षांपूर्वीचे हे रडणे माझ्यापर्यंत पोचले. सरदाराची वंशज ठरून मला काय मिळाले असते?" मी कणिक मळीत होते. हात तसाच परातीत राहिला.

नंतर एका संध्याकाळी वन्संना आधार देत आम्ही तिघी त्यांच्या जुन्या दफनभूमीत गेलो. तिला ते देवाचे शेत म्हणतात. माणूस तिथे पुरायचे नाही, पेरायचे, अशी भावना. १७४२ पासून १९१० पर्यंतच्या समाध्या तिथे आहेत. उभे दगड नाहीत, घुमट नाहीत, पुतळे नाहीत. गवतात सपाट बसवलेल्या सारख्या चौकोनी शिळा, दोन हजारांवर. श्रीमंताची मोठी आणि गरिबाची लहान असे नाही. नवरा-बायकोही शेजारी नाहीत. बायका बायकांच्या रांगेत, आल्या त्या क्रमाने. प्रत्येकीच्या शिळेवर तिचे स्वतःचे नाव. तिथल्या मूळ रहिवाशांपैकी ज्यांनी हा धर्म घेतला ते, आणि आफ्रिकेतून आणलेली माणसेही, त्याच रांगांतून आहेत.

पण आजींनी मला नुसते चांगलेच दाखवले नाही. त्या म्हणाल्या, "शिळा सारख्या आहेत म्हणून फसू नकोस." याच बेथलेहेमच्या लोकांनी गुलाम बाळगले होते. ज्यांच्याशेजारी बसून प्रार्थना करायची, त्यांनाच मालमत्तेत धरायचे. त्यांची दक्षिणेकडची दुसरी वस्ती सालेम; तिथे तर पुढे काळ्या लोकांना गोऱ्यांच्या देवळातून वेगळे काढले आणि १८२३ साली त्यांच्यासाठी निराळे लाकडी देऊळ बांधले. आजींना आपल्या घराण्याच्या कागदांत असे काही निघेल याची शेवटपर्यंत धास्ती होती. "पूर्वज शोधायचे तर जे निघेल ते घ्यायची तयारी हवी," असे त्या म्हणाल्या. आपल्या वाड्यांतून कुळे कशी राबली, सोवळ्यातल्या विधवांना कसे वागवले, आणि गावाबाहेर कोण राहिले, हे आपल्याही वंशावळीत कुणी लिहीत नाही.

तिथेच मला मॅग्डालिन ब्युला ब्रॉकडेन हिची हकीकत कळली. ती आफ्रिकेत गिनीच्या किनाऱ्याकडची, १७३१ सालच्या जन्माची. लहानपणीच तिला पकडून विकले. फिलाडेल्फियाच्या ब्रॉकडेन नावाच्या मालकाने तिला मुलगी असतानाच बेथलेहेमला पाठवले. ती तिथेच वाढली, तिथेच तिचे लग्न झाले आणि १८२० साली तिथेच ती वारली. तिचीही हकीकत दप्तरात आहे, आणि आज ती पुस्तकात छापली गेली आहे. गुलाम म्हणून विकलेल्या बाईची गोष्ट तिच्या स्वतःच्या तोंडची दोनशे वर्षे टिकली. आणि आमच्या भिंतीवरच्या नऊ पिढ्यांच्या झाडावर, दाराशी रोज रांगोळी काढणाऱ्या एकाही सुनेचे नाव नाही.

जुलै महिन्याच्या अखेरीस एके सकाळी आजी काठी न घेताच धावत आल्या. युनेस्कोने बेथलेहेमचे हे जुने गाव जागतिक वारशाच्या यादीत घेतल्याची बातमी आली होती. डेन्मार्कमधले ख्रिश्चन्सफेल्ड हे त्यांचे गाव २०१५ सालीच यादीत गेले होते. आता त्याच्या जोडीला हेर्नहूट, उत्तर आयर्लंडमधले ग्रेसहिल आणि बेथलेहेम अशी तीन गावे आली. आणि गंमत म्हणजे ही बैठक भरली होती आपल्या नवी दिल्लीत! आजींनी माझेच हात धरले, जणू मीच दिल्लीत बसून सही केली. मी त्यांना शिरा करून घातला. त्या म्हणाल्या, "माझी धोबीण आता साऱ्या जगाची झाली."

सप्टेंबरात मी घरी परत आले. पहिल्यांदा ती तसबीर उतरवून तीमधली नावे पुन्हा एकदा वाचली. मग आत्तेसासूबाईंकडे गेले. त्यांचे वय शहाऐंशी, पण स्मरण लख्ख. त्यांना विचारले, "आत्याबाई, तुमच्या आजीचे माहेरचे नाव काय होते हो?" त्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या. म्हणाल्या, "सासरचे नाव लक्ष्मी. आपल्या घरात दोघी-तिघींची नावे लक्ष्मीच ठेवलेली. माहेरचे नाव... भाऊबीजेला तिचा भाऊ यायचा ना, तो तिला ताई म्हणे. आम्ही पोरे ऐकायचो. नाव घेऊन हाक मारणारे तेव्हा कुणी जिवंत नव्हते गं." इतकेच. ते नाव गेले. जगातला कुठलाही दप्तरखाना उघडला तरी ते आता मिळायचे नाही.

त्या दिवशी संध्याकाळी मी वही घेऊन सासूबाईंपाशी बसले. म्हटले, "आई, तुमचे माहेरचे नाव, गाव, आठवेल ते सगळे सांगा. मी लिहून घेते." त्या म्हणाल्या, "माझ्यात मेले लिहिण्यासारखे काय आहे? रांधले, वाढले, उष्टी काढली." मी गप्प बसून राहिले. जरा वेळाने त्यांनी आपणहूनच सुरुवात केली. सव्वीस वर्षे मी त्यांच्या हाताखाली या घरात वावरले, पण माझ्या यजमानांच्या पाठची एक मुलगी आठ महिन्यांची होऊन गेली, हे मला त्या रात्री पहिल्यांदा कळले. तिचे नावही त्यांनी सांगितले. ते मी वहीत लिहिले आणि त्यांना वाचून दाखवले. त्यांनी ते पुन्हा एकदा वाचायला सांगितले.

भगिनींनो, मोरेव्हियन लोकांचे सगळेच आपण घ्यावे असे मी म्हणत नाही. दीड वर्षाचे मूल दुसऱ्याच्या हाती देण्याची कल्पनाही मला सहन होत नाही. पण प्रत्येकीने आपली हकीकत आपल्या शब्दांत लिहायची आणि ती सर्वांनी मिळून जपायची, ही एक गोष्ट आपल्याला करता येण्यासारखी आहे. त्याला पैसा लागत नाही, जागा लागत नाही. मंडळाच्या कपाटात भजनाच्या पुस्तकांशेजारी एक खण रिकामा आहे. दर महिन्याच्या सभेला एकीने आपली, आपल्या आईची किंवा सासूबाईंची दोन पाने लिहून आणावीत. माहेरचे नाव सर्वांत आधी लिहावे. जिला लिहिता येत नसेल तिने सांगावे, मी लिहून घेईन.

माझ्या सासूबाईंची साडेचार पाने झाली आहेत. पुढच्या सभेला मी ती घेऊन येते.